शंभराव्या दिवसाची भाकर

रविवारी सकाळी साडेसहाला अमिता परातीत कणीक मळत होती आणि गुणगुणत होती. त्या गुणगुणण्यानं जयेश साळवेला धडकी भरली होती. बायको स्वयंपाकघरात गाणं म्हणते म्हणून घाम फुटलेला नवरा त्या सकाळी अख्ख्या इंदुरात बहुधा हा एकच असावा.

भाकर साधी नव्हती. जुन्या इंदुरात पिठाच्या चक्कीच्या वरच्या मजल्यावर त्यांची पस्तीस-चाळीस माणसांची मराठी ख्रिस्ती मंडळी भरायची. महिन्यातून एकदा प्रभुभोजन व्हायचं, आणि त्याची बिनखमिराची भाकर घरोघरी पाळीनं केली जायची. पण मंडळीतला कुणी व्यसनातून उठून शंभर दिवस स्वच्छ राहिला, की पाळी मोडून त्या वेळची भाकर त्याच्या घरची. घरच्या माणसानं ती करायची. व्यसन सोडलेल्यानं सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची, भाकर मोडायची, आणि पहिला तुकडा जिनं ती केली तिच्याच हातावर ठेवायचा. दारू सोडलेल्या तिघांनी आणि गुटखा सोडलेल्या एकानं अशी भाकर मोडली होती. आज जयेशची पाळी. शंभरावा दिवस आणि प्रभुभोजनाचा रविवार नेमके जुळून आले होते, आणि दिनानाथ पास्टरजी आठवडाभर ज्याला त्याला सांगत होते की ही देवाचीच योजना.

मंडळीच्या लेखी शंभरावा. खरं सांगायचं तर नववा. आणि हे जयेशखेरीज जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं व्यसन बाटलीतलं नव्हतं, फोनमधलं होतं. नागड्या चित्रफिती. कॉलेजच्या हॉस्टेलवर पोरांच्या घोळक्यात सुरू झालं तेव्हा ती चेष्टा होती. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, चेष्टा करणारी पोरं बाप झाली, आणि हा चौतिसाव्या वर्षीही रोज दोन-दोन तास फोन घेऊन बाथरूममध्ये कोंडून घ्यायचा. बाहेर येताना शपथ घ्यायचा. शपथा घेण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बिचारी अमिता नर्स. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी काढून घरी यायची, आणि आपल्याच घरातलं दुखणं काय आहे याचा तिला पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो फेब्रुवारीत. तिचे वडील देपालपूरहून राहायला आले होते. दुपारी हॉलमध्ये बसल्या बसल्या त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी जावयाला हाका मारल्या, मग कसाबसा लेकीला फोन लावला. ती ड्यूटीवर. तिनं जयेशला फोन लावला. एकदा नाही, सतरा वेळा. फोन त्याच्या हातातच होता आणि कानात इअरफोनची बोंडं होती. मध्येच स्क्रीनवर बायकोचं नाव येतं म्हणून वैतागून त्यानं तो सतराही वेळा कापला. सासरे दहा-बारा पावलांवर कळवळत होते. शेवटी शेजारच्या वसुधाकाकूंनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात पोचवलं. ते वाचले. पण सतरा वेळा फोन का कापला याचं खरं उत्तर जयेशकडून काढून घेऊन अमिता त्यांच्याबरोबर देपालपूरला गेली ती पाच महिने आलीच नाही.

आली ती एका अटीवर. दारातच, बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं ती सांगितली होती.

"पडलास तर मला सांग. मी रडेन, भांडेन, पण राहीन. खोटं बोललास तर जाईन, जयेश. मग कुणालाच मला बुलवायला पाठवू नकोस, पास्टरजींना पण नाही."

आता सांगा, त्या गुणगुणण्यानं घाम फुटणार नाही तर काय होईल?

देवेंद्रभिया नसता तर ती आलीही नसती. देवेंद्र सिटी बसचा ड्रायव्हर, गळ्यात कायम मफलर, आवाज हॉर्नसारखा. सात वर्षांपूर्वी तो याच खड्ड्यातून बाहेर आला होता, आणि हे स्वतःच्या तोंडानं सांगायला लाजत नव्हता. दर शनिवारी सकाळी त्याच्या गच्चीवर पाच-सहा जण जमायचे. प्रार्थना व्हायची, पोहे व्हायचे, मग एकेकानं उठून आपला आकडा सांगायचा, इतके इतके दिवस. शेजारच्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून तोच आकडा मोठ्यानं पुन्हा म्हणायचा. आकडा चार असो की चारशे, म्हणायचा सारख्याच आवाजात. शिवाय रोज सकाळी सातला देवेंद्रचा फोन ठरलेला. 'नंबर?' एवढा एकच शब्द, आणि उत्तर ऐकून फोन बंद.

या लोकांनी जयेशचा स्मार्टफोन काढून घेऊन बटणांचा दिला. घरातला टीव्ही देवेंद्रच्या घरी गेला. ऑफिसात तो औषधांच्या खोक्यांची लेबलं बनवायचा, तिथं नेट कुलपातच होतं. एवढी नाकेबंदी केली, आणि मग याच शहाण्यांनी त्याच्या हातात लॅपटॉप दिला. उपासनेत गीतांचे शब्द भिंतीवर दाखवायला कुणीतरी हवं होतं, जयेश कॉम्प्युटरवरचा माणूस, आणि त्याला जबाबदारी दिली तर त्याला उभारी येईल, असं देवेंद्रच म्हणाला. कुणाच्याही डोक्यात दुसरा विचार आला नाही. मंडळीच्या लेखी तो लॅपटॉप म्हणजे गीतांचं पुस्तकच. झाकणावर क्रूसाचं स्टिकर होतं. बाजूला नेटचं डोंगल खोचलेलं होतं, तेही त्यांच्या लेखी त्या पुस्तकाचाच भाग.

एक्क्याण्णवाव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, अमिता ड्यूटीवर असताना एका गीताचं तिसरं कडवं शोधायला त्यानं घरी त्या लॅपटॉपवर नेट उघडलं. कडवं दोन मिनिटांत सापडलं. पुढची पन्नास मिनिटं कुठं गेली ते त्याला सांगता आलं नसतं, आणि आपणही विचारू नये. नंतर त्यानं सगळ्या खुणा पुसल्या, तिसरं कडवं नीट टाइप केलं, आणि भिंतीला टेकून बसून राहिला.

तेव्हाच सांगितलं असतं तर एक दिवसाची गोष्ट होती. पण दुसऱ्या दिवशी गच्चीवर पाळी आली आणि तोंडातून निघालं, "ब्याण्णव." देवेंद्रनं खांद्यावर हात ठेवून हॉर्नच्या आवाजात म्हटलं, "ब्याण्णव!" तो हात आठवडाभर जयेशला खांद्यावर जाणवत राहिला. त्यानंतर रोज सातला फोन, रोज एक आकडा, म्हणजे रोज एक थाप. काल गच्चीवर तो नव्व्याण्णव म्हणाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रार्थना तर त्या शुक्रवारपासून बंदच होती. डोळे मिटायचा, ओठ हलायचे, आत सगळं ठप्प. ज्याला सगळं दिसतं त्याच्यासमोर काय बोलणार?

"बघ ना, गोल झालीये का?" अमितानं तव्यावरची भाकर दाखवली. "फुगली नाही, बढिया. फुगायला नकोच."

"छान झालीये."

"तुझा चेहरा असा का? साक्षीचं टेन्शन?"

हीच वेळ होती. गॅसची आच, तिच्या कपाळावर पिठाचा डाग, घरात दोघंच. जयेशनं तोंड उघडलं. आणि म्हणाला, "हो. एवढ्या लोकांसमोर बोलायचंय ना."

"तू बोल बस. मी समोर बसते." तिनं भाकर पांढऱ्या रुमालात गुंडाळली. रुमालाच्या कोपऱ्यावर तिनं लाल दोऱ्यानं छोटासा शंभरचा आकडा भरला होता. कधी भरला कोण जाणे. जयेशला तो पाहवेना.

चक्की रविवारी बंद असायची. लोखंडी जिना चढून वर गेलं की पिठाचा वास मात्र असायचाच. साडेनऊलाच बाकं भरली होती. लॅपटॉपसमोर ईशा बसली होती, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची चुणचुणीत पोरगी. जयेशला आज पुढं बसायचं म्हणून स्लाइडचं काम तिच्याकडे आलं होतं.

"जयेशभिया, पास्टरजींनी एक गीत बदललं. मी नेटवरून शब्द घेते हां. दो मिनट."

जयेशची नजर डोंगलकडे गेली. खुणा पुसल्या होत्या, तीन-तीनदा पुसल्या होत्या. पण या यंत्रांचं काय सांगावं? एक अक्षर दाबलं की नको ते स्वतःहून पुढं करतात. प्रोजेक्टर चालू, भिंत उजळलेली, त्या भिंतीसमोर चाळीस माणसं, त्यात पोरंसोरं, म्हाताऱ्या बाया. "मी करतो," असं म्हणत तो पुढं झाला, तर देवेंद्रनं मागून दंड पकडला.

"तू बस रे भिया. आज दूल्हा आहेस तू. दूल्हा काम करतो का?"

ईशानं पहिलं अक्षर दाबलं. भिंतीवर तीन हात उंचीचं अक्षर उमटलं. दुसरं दाबलं. तिसरं. खाली यादी उघडली, आणि जयेशनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा भिंतीवर गीत होतं. फक्त गीत. मंडळी उभी राहून गायला लागली.

सुटलो, असं त्याला वाटलं. खरोखरच सुटला होता तो. आता कधीच कुणाला कळणार नव्हतं. दोन शब्द बोलायचे, भाकर मोडायची, आणि उद्या सातला 'एकशे एक' म्हणायचं. गीताची दोन कडवी होईपर्यंत त्याला हलकं वाटलं. तिसऱ्या कडव्याला त्याची नजर अमिताकडे गेली. ती डोळे मिटून गात होती, ओंजळ अर्धी पुढं करून, पहिला तुकडा घेण्याचा सराव करत असल्यासारखी. आता मात्र त्याला खरी भीती वाटली. पकडलं जाण्याची नाही. कधीच न पकडलं जाण्याची. हे असंच चालेल, रोज एक आकडा, आणि ती रोज आपल्यासाठी गुणगुणेल. आपण या बाईबरोबर मरेपर्यंत राहू आणि तिला एक दिवसही भेटणार नाही.

"आपला भाऊ जयेश," पास्टरजी म्हणाले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. "डोळ्यांचं व्यसन होतं त्याला. आज शंभर दिवस. ये बेटा."

'डोळ्यांचं व्यसन' हा शब्द पास्टरजींनीच शोधला होता, बायकापोरांसमोर बोलायला बरा म्हणून.

मेजावर रुमालात भाकर, शेजारी द्राक्षरसाचे इवले प्याले. जयेशनं रुमाल उघडला. लाल शंभर नेमका त्याच्या अंगठ्याखाली आला. भाकर अजून कोमट होती. त्यानं ती दोन्ही हातांत धरली. मोडायला जोर कितीसा लागणार? पण बोटं चालेनात. नऊ दिवसांत पहिल्यांदा आतून काहीतरी हललं. मोठी प्रार्थना नव्हतीच ती, दोनच शब्द होते. प्रभू, धर मला.

त्यानं भाकर परत खाली ठेवली.

"शंभर नाहीत," तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की मागच्या बाकावरून कुणीतरी "ज़ोर से" म्हणालं. त्यानं घसा साफ केला. "आज शंभर दिवस झालेले नाहीत. नऊ झालेत. मी एक्क्याण्णवाव्या दिवशी पडलो. डोळ्यांचं व्यसन म्हणतात पास्टरजी, पण मी घाण व्हिडिओ बघायचो, आणि त्या शुक्रवारी मंडळीच्या लॅपटॉपवर बघितले. याच. मग दोन शनिवार गच्चीवर खोटा आकडा सांगितला. देवेंद्रभियाला रोज फोनवर सांगितला. आणि..." पुढचं समोर बघून बोलायचं होतं, ते सगळ्यात कठीण होतं. "अमिता, तुला रोज. आज सकाळी पण. तू भाकर करत होतीस तेव्हा पण."

ईशानं लॅपटॉपवरचे हात असे उचलले की जणू तो भाजला. कुणीतरी पोराला घेऊन बाहेर गेलं. पास्टरजी मेजाला धरून उभे होते.

देवेंद्र उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि जयेशला वाटलं आता हा थोबाडीत देणार. दिली असती तरी त्याला बरंच वाटलं असतं. देवेंद्र पुढं आला, शेजारी उभा राहिला, आणि त्यानं खांद्यावर हात ठेवला.

"नऊ!" तो म्हणाला. तोच हॉर्न, तोच आवाज. फक्त शेवटाला जरा फाटला. मग मंडळीकडे वळून म्हणाला, "लॅपटॉप मी दिला होता. एकदा पण डोक्यात आलं नाही. ही गलती माझी पण आहे."

"नऊ," बाकावरून दारू सोडलेल्यांतला एक जण म्हणाला. मग दुसरा. मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "नऊ रे बाळा." तिला काय प्रकार आहे तो पुरता समजला होता की नाही, देव जाणे.

अमिता उठली, बाकांमधून वाट काढत दाराबाहेर गेली. लोखंडी जिन्यावर तिची पावलं वाजली, एकेक पायरी मोजावी तशी.

"जा," देवेंद्र कानाशी म्हणाला. "माफी मागत बसू नको. विचारेल तेवढंच सांग."

ती खाली बंद चक्कीच्या शटरसमोर स्कूटरची किल्ली मुठीत घेऊन उभी होती. जयेश तीन पायऱ्या वरच थांबला.

"कुणाला शक आला होता?" तिनं वळून न बघताच विचारलं.

"नाही."

"लॅपटॉपवर काही सापडलं होतं?"

"नाही. सगळं पुसलं होतं."

"मग का सांगितलंस? आज मोडली असतीस भाकर, मला कळलं पण नसतं. मी तर..." तिनं किल्ली मुठीत फिरवली. "मी तर रुमालावर शंभर भरत बसले होते, जयेश. ड्यूटीवर, मधल्या सुट्टीत. बाकीच्या नर्सा विचारत होत्या, कशाचे शंभर."

"तुझ्या हातावर तुकडा ठेवायचा होता. खोटा ठेवता येईना."

रस्त्यानं कचऱ्याची गाडी तिचं गाणं वाजवत गेली. ती दिसेनाशी झाल्यावरच अमिता वळली. डोळे लाल होते, पण रडत नव्हती.

"तू पडलास त्याचं मला वाईट वाटतंय. पण तू पडशील हे मी धरूनच होते. नऊ दिवस माझ्या तोंडावर हसलास ते मला सहन होत नाहीये." तिनं किल्ली स्कूटरला लावली. "तू पडल्यापासून मोजतोस ना? तुझे नऊ. मी ते मोजणार नाही. मी खोटं थांबल्यापासून मोजीन. म्हणजे आज एक. आणि दोन होईल का, मी ते मोजायला असेन की देपालपूरला, हे मला आत्ता माहीत नाही. मागं येऊ नकोस."

स्कूटर कोपऱ्यावर वळली. जयेश पुन्हा वर गेला. आता जाणार तरी कुठं?

भाकर पास्टरजींनी मोडली. ताटली हातोहात फिरत त्याच्यापर्यंत आली तेव्हा त्यानं तुकडा घेतला नाही, पुढं दिली. त्याच्या शेजारी बसलेल्या देवेंद्रनं ताटलीतला एक तुकडा उचलून त्या रुमालात बांधला आणि रुमाल जयेशच्या खिशात कोंबला. आजाऱ्याच्या घरी असाच तुकडा नेतात त्यांच्यात. "हा घरी ठेव," तो म्हणाला. "दोघांनी मिळून घ्यायचा. जब होईल तब." लॅपटॉप मात्र त्यानं स्वतः बगलेत मारला.

जयेश पायी घरी गेला. दारातच ती बॅग दिसली, फेब्रुवारीतली, भरून चेन ओढलेली. अमिता दुपारच्या ड्यूटीला निघून गेली होती. त्यानं बॅगेला हात लावला नाही. रुमाल देवळीत ठेवला आणि खुर्चीसमोर गुडघे टेकले. काय म्हणाला ते मला ठाऊक नाही, पण ओठ हलत नव्हते आणि खांदे हलत होते. ती ड्यूटीवरून आली तेव्हा भात तयार होता. न बोलता जेवली, आतल्या खोलीत गेली, आणि दाराला कडी लागल्याचा आवाज आला. बॅग तिथंच होती.

सोमवारी सातला बटणांचा फोन वाजला. बॅग अजून दारातच होती. अमिता ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती.

"नंबर?" देवेंद्र म्हणाला.

"दहा," जयेश म्हणाला.

फोन बंद झाला. स्वयंपाकघरात गाळणी आपटल्याचा आवाज आला. मग अमिताचा, मागं वळून न बघता, रागातच.

"दोन."